बंद पडू घातलेली छोटी लघुलहरी केंद्रं : सह्यांच्या पलीकडे काय करता येईल?

खरखर (धागाकर्ता)

लघुलहरी (शॉर्टवेव्ह) रेडिओ ऐकणारे इथे चार-पाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच लिहितोय.

गेली आठ-नऊ वर्षं मी ६० मीटरच्या पट्ट्यातलं एक छोटं केंद्र ऐकतोय. डोंगराळ मुलखातलं, १० किलोवॉटचं, एकच फ्रिक्वेन्सी. नाव मुद्दाम देत नाही. तिकडे अजून बोलणी चालू आहेत, आपल्या उत्साहाने त्यात कालवाकालव नको. त्यांची भाषा मला येत नाही. सुरुवातीची बासरीची धून, मग घसा खाकरून बोलणारे तेच ते निवेदक, मग निरोपांचा कार्यक्रम. अमक्या गावच्या अमक्यांना कळवणे की पेशंट दवाखान्यातून सुटला, परवाच्या गाडीने येतोय, उतरून घ्यायला दोन माणसं पाठवा. हे मला समजतं कारण शेवटची दहा मिनिटं इंग्रजीत असतात आणि त्यात कधीमधी या निरोपांचाही गोषवारा येतो.

मागच्या आठवड्यात त्याच दहा मिनिटांत सांगितलं की लघुलहरी प्रक्षेपण तीन महिन्यांनी बंद करण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आहे. कारणं दोन : विजेचं बिल, आणि ट्रान्समीटरला लावलेला व्हॉल्व्ह (सिग्नलची शक्ती वाढवणारी निर्वात नळी) त्यांच्याकडचा शेवटचा आहे. हवामान सांगावं तशा आवाजात सांगितलं आणि पुढे रस्ता बंद असल्याची बातमी. मी हेडफोन काढून नुसता बसलो.

ऑनलाइन सह्यांची मोहीम काढावी असं डोक्यात आहे. जगभरचे हौशी श्रोते गाठले तर हजारभर सह्या सहज होतील. मसुदा तयार आहे. कोणी नजर टाकेल का? याहून बरं काही सुचत असेल तर तेही सांगा.

निशाचर

कोणतं केंद्र ते ओळखलं, पण गप्प बसतो. ती बासरी माझ्याकडे रेकॉर्ड केलेली आहे. मसुदा व्यनि (खासगी निरोप) करा.

चिकित्सक

दुःख समजतं, पण थोडं कडू बोलतो. तार बंद झाली तेव्हाही असेच गळे काढले होते. निरोप द्यायला आता मोबाईल आहेत. केंद्राने एफएमवर जावं, इंटरनेटवर यावं, वाचलेल्या पैशांत आणखी दोन बातमीदार ठेवावेत. आपल्याला आवडतो तो कार्यक्रम की ती खरखर, हे आधी ठरवा. (आयडीवर रोख नाही!)

व्हॉल्व्हवाला

चिकित्सक, एफएमवर जावं हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. मी ट्रान्समीटरवर काम केलेला माणूस आहे, त्यामुळे तेवढंच सांगतो.

एफएम सरळ रेषेत जातं. डोंगर आडवा आला की पलीकडे अंधार. अशा मुलखात एफएम पसरवायचं तर दर दरीला एक छोटा प्रक्षेपक, त्याला वीज, त्याला रस्ता, त्याला राखणदार. ६० मीटरवरच्या केंद्राची अँटेना म्हणजे काय? दोन खांबांमध्ये ताणलेली साधारण ३० मीटरची तार, जमिनीपासून १२-१५ मीटरवर. इतकी खाली ठेवली की ती लहर जवळजवळ सरळ वर फेकते. वरच्या आयनांबरावर (वातावरणातला विद्युतभारित थर) आपटून ती छत्रीसारखी खाली येते. सिग्नल आकाशातूनच येत असल्यामुळे दरीच्या तळाशी असलेल्या घरालाही मिळतो. दोन-तीनशे किलोमीटरचा घेर, एका तारेत. जुन्या लोकांनी उष्ण कटिबंधासाठी ६० आणि ९० मीटरचे पट्टे राखून ठेवले ते उगाच नव्हे. तिकडे विजांच्या गडगडाटाने मध्यमलहरी ऐकणं मुश्कील होतं.

हौशी लोकांना वाटतं लघुलहरी म्हणजे सातासमुद्रापार. या केंद्रांसाठी सातासमुद्रापार जाणारा भाग म्हणजे सांडलेलं पाणी. धागाकर्ते, तुम्ही ते सांडलेलं पाणी पिताय.

खरखर (धागाकर्ता)

काका, लागलं. पण बरोबर आहे.

दक्षिणवारा

एफएम आणि उपग्रह आहेत म्हणून लघुलहरी बंद, याचं ताजं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. एबीसीची (तिथली सरकारी प्रसारण संस्था) नॉर्दर्न टेरिटरीत अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, कॅथरीन आणि टेनंट क्रीक अशी तीन स्थानिक लघुलहरी केंद्रं होती, १२० आणि ६० मीटरवर. डिसेंबर २०१६ मध्ये बंद करणार म्हणून जाहीर केलं आणि ३१ जानेवारी २०१७ ला बंद केलंसुद्धा. पॅसिफिक बेटांसाठीची रेडिओ ऑस्ट्रेलियाची लघुलहरी सेवाही त्याच दिवशी गेली. वर्षाला सुमारे १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर वाचणार होते. गुरांच्या कुरणांवर काम करणारे, मच्छीमार, लांब पल्ल्याचे ट्रकचालक, आदिवासी वस्त्यांमधले लोक, सगळे ओरडले. त्यांना उत्तर मिळालं की उपग्रहावरून ऐका. आता उपग्रहाची थाळी घराला असते, घोड्याला किंवा होडीला नसते.

२०१७ मध्येच सिनेटर झेनोफोन यांनी लघुलहरी परत आणायचं विधेयकही मांडलं. झालं काही नाही. पुढच्या वर्षी बातम्या आल्या की रेडिओ ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही फ्रिक्वेन्सींवर चीनचा आंतरराष्ट्रीय रेडिओ बोलू लागलाय. मग कॅनबेरात पुन्हा चर्चा वगैरे.

मुद्दा : घोषणेपासून बंद होईपर्यंत दोन महिनेसुद्धा नव्हते. ओरडा मोठा होता, पण निर्णय झाल्यावरचा होता. तुमच्या हातात तीन महिने आहेत आणि अजून नुसता प्रस्ताव आहे, हे पुष्कळ आहे.

चिकित्सक

माहितीबद्दल आभार. माझा प्रश्न मात्र तसाच. कुरणावरच्या किती माणसांकडे आज लघुलहरीचा संच आहे? एबीसीचं म्हणणं हेच होतं ना, की ऐकणारे फार कमी उरलेत?

दक्षिणवारा

हेच म्हणणं होतं. आणि ऐकणारे किती हे मोजायची सोय लघुलहरीत नसते. वेबसाइटला दर क्लिकची नोंद मिळते, रेडिओ ऐकणारा कुठेच उमटत नाही. तो फक्त ऐकतो. आकडा नाही याचा अर्थ सोयीने शून्य असा लावला जातो.

टोंगाचं बघा. १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातला ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची केबल तुटली आणि अख्खा देश इंटरनेटवरून गायब. मुख्य बेटाची केबल जोडायला पाच आठवडे लागले. त्या काळात आरएनझेड पॅसिफिकने (न्यूझीलंडचा आंतरराष्ट्रीय रेडिओ) लघुलहरीवरून बातम्या पोचवल्या. त्याच वर्षी न्यूझीलंड सरकारने नव्या ट्रान्समीटरला पैसे दिले आणि २०२४ मध्ये रांगिताइकीला तो चालू झाला. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीनेही तिकडे रोज चार तास लघुलहरीवर इंग्रजी बातम्या सुरू केल्या होत्या. म्हणजे वेळ आली की सगळ्यांना आठवतं.

चिकित्सक

दोन्ही उदाहरणं सरकारी पैशांवर चालणाऱ्या मोठ्या संस्थांची आहेत. धाग्यातलं केंद्र एक व्हॉल्व्ह विकत घेऊ शकत नाहीये. संकटात लघुलहरी उपयोगी पडते हे मान्य. त्या संकटाची वाट बघत रोजचं बिल कोणी भरायचं?

(मी विरोधासाठी विरोध करत नाही. तिकडचं मंडळ नेमकं हेच विचारणार, म्हणून विचारतोय.)

खरखर (धागाकर्ता)

अपडेट देतो, जरा मोठं आहे.

सह्यांची मोहीम काढली होती. निशाचरांनी मसुदा सुधारून दिला आणि सह्या भरपूर आल्या. केंद्राच्या ईमेलवर पाठवलं तर ईमेल परत. मग छापून, सोबत माझं दोन पानी पत्र जोडून टपालाने पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, हाताने लिहिलेलं. तेच घसा खाकरणारे निवेदक. निवेदक, तंत्रज्ञ आणि हिशेबनीस तेच आहेत.

लिहितात : तुमचं पत्र मी मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. सगळ्यांना आनंद झाला. मग एका सदस्यांनी विचारलं की हा माणूस राहतो कुठे? मी सांगितलं. सह्या करणारे कुठले? तेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, म्हणजे आपण परदेशातल्या छंदिष्टांसाठी वीज जाळतोय तर.

आमच्या सह्या बंद करण्याच्या बाजूने वापरल्या गेल्या. मला दोन दिवस काही सुचलं नाही. मोहीम काल उतरवली.

निशाचर

अरे देवा. मसुद्यात "आम्ही हजारो मैलांवरून ऐकतो" हे वाक्य मीच घातलं होतं.

व्हॉल्व्हवाला

वाईट वाटून घेऊ नका, हे होणारच होतं. क्यूएसएल कार्डांची (केंद्र ऐकल्याच्या पोचपावत्या) जाड फाईल घेऊन साहेबांकडे गेलेले आमचेही एक सहकारी असेच हात हलवत परत आले होते. साहेबांना हवा असतो आपल्या हद्दीतला माणूस, ज्याचं काहीतरी अडणार आहे.

एक विचारतो. ते निवेदक रोज मायक्रोफोनसमोर बसतात. श्रोत्यांना त्यांनीच विचारलं का कधी?

खरखर (धागाकर्ता)

पत्रात तसा उल्लेख नाही. मला वाटतं लाजत असावेत. आपल्याच केंद्रासाठी आपणच पदर पसरायचा म्हणून.

रानवाट

या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. मी रेडिओवाली नाही, दुर्गम भागातल्या आरोग्यसेवेत काम केलंय.

पदर पसरायची गरज नाही. तीन प्रश्न विचारायचे, रोज, निरोपांच्या कार्यक्रमाच्या आधी. तुम्ही कुठून ऐकता? कोणत्या वेळी, किती जण मिळून? आणि हे केंद्र नसतं तर मागच्या महिन्यातली कोणती एक गोष्ट तुम्हाला कळली नसती? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. "रेडिओ खूप आवडतो" अशी शंभर पत्रं मंडळ बाजूला ठेवील. "लसीकरणाची तारीख बदलल्याचं रेडिओवर कळलं, नाहीतर पोराला घेऊन चार तास चालत गेलो असतो" असं एकच पत्र ठेवता येत नाही.

आणि टपालावर विसंबू नका. शाळेचे मास्तर, आरोग्यसेविका, गाडीचा ड्रायव्हर, दुकानदार यांच्याकडे चिठ्ठ्या द्यायला सांगा. लिहिता येत नसेल तर मास्तर लिहून घेतील. आमच्याकडे सर्वेक्षणाचे कागद असेच फिरायचे, आणि परत यायचे. आवाजातून मागितलेली गोष्ट लोक मनावर घेतात.

चिकित्सक

हे मात्र पटलं. एक भर घालतो : चिठ्ठ्यांची बेरीज करून मंडळाला नुसता आकडा देऊ नका. नकाशा द्या. जिथून चिठ्ठी आली तिथे टिंब, आणि सध्याच्या एफएमची हद्द वेगळ्या रंगात. एफएमच्या बाहेर पडलेली टिंबं बोलतील.

खरखर (धागाकर्ता)

रानवाट ताई, चिकित्सक, दोघांचं जसंच्या तसं इंग्रजीत करून आज पाठवतोय. या वेळी दोन पानी प्रेमपत्र नाही.

व्हॉल्व्हवाला

त्याच पाकिटात माझं अर्धं पान घाला. बिलाबद्दल.

एक, निम्म्या शक्तीवर चालवा. १० किलोवॉटवरून ५ वर आलं की बिल जवळजवळ निम्मं होतं, पण सिग्नल उतरतो फक्त ३ डेसिबल. एस मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणारा रेडिओवरचा काटा) एक घर म्हणजे ६ डेसिबल, तर अर्धं घर. दरीतल्या श्रोत्याला बहुधा कळणारही नाही. अडीचवर आणलं तर पूर्ण एक घर. मंडळाला "चालू की बंद" एवढंच दिसतंय. मधल्या पायऱ्या त्यांना कोणी दाखवलेल्या नसतात.

दोन, दुपार सोडा. भर उन्हात आयनांबराचा खालचा डी थर या पट्ट्यातली लहर खाऊन टाकतो. त्या वेळी जळणारी वीज बरीचशी आकाशाला ऊब देते. सकाळी आणि संध्याकाळनंतर बोला.

तीन, व्हॉल्व्ह. थोरिएटेड टंगस्टनचा फिलामेंट असेल तर त्याचं व्होल्टेज मोजून-मापून किंचित खाली आणल्याने आयुष्य चांगलं वाढतं. किती खाली ते माप घेऊनच ठरवायचं, अंदाजपंचे नाही. शक्ती पडायला लागते त्या बिंदूच्या जरासं वर थांबायचं. आणि मोठे पॉवर व्हॉल्व्ह उघडून नवा फिलामेंट घालून देणारे आहेत. जुने निकामी झालेले टाकले नसतील अशी आशा करू. कोपऱ्यात धूळ खात पडले असतील तर ते भंगार नव्हे, ठेव आहे.

एएममध्ये (अशी केंद्रं वापरतात ती पद्धत) निम्म्याहून जास्त वीज नुसत्या वाहक लहरीत, म्हणजे ज्या लहरीवर आवाज चढवतात तिच्यात, जाते, निवेदक श्वास घ्यायला थांबले तरी ती चालूच. नव्या ट्रान्समीटरमध्ये शांततेच्या वेळी वाहक आपोआप उतरवायची सोय असते. त्यांच्याकडे ती नसणार, म्हणून पत्रात लिहिलं नाही. इथे सांगितल्याशिवाय राहवलं नाही एवढंच.

अँटेनाधारी

उशिरा आलो. संचांबद्दल कोणीच बोललं नाही. बाजारातल्या अनेक स्वस्त रेडिओंवर लघुलहरी ४९ मीटरच्या आसपास सुरू होतात, ६० मीटर डायलवर नसतोच. म्हणजे जुना संच बिघडला आणि माणसाने नवा आणला की केंद्र त्याच्यासाठी मेलं. त्याला वाटतं केंद्र बंद झालं, केंद्राला वाटतं श्रोता गेला. ४९ मीटरवर एखादी फ्रिक्वेन्सी मिळते का बघायला सांगा. पूर्वी त्या पट्ट्यात मोठ्या केंद्रांची इतकी गर्दी असायची की १० किलोवॉटचा आवाज चिरडला जायचा. आता बडे निघून गेले, जागा आहे. त्यांच्या जाण्याचा एवढा तरी फायदा.

व्हॉल्व्हवाला

सूचना चांगली, पण रात्री ६ मेगाहर्ट्झची सरळ वर फेकलेली लहर परत येईलच असं नाही. सौरडाग कमी असतील तेव्हा ती वरच्या थरातून आरपार जाते आणि केंद्राभोवतीच ऐकू न येणारा खड्डा पडतो. दिवसा ४९, रात्री ६० असं करावं लागेल, म्हणजे दुसरी अँटेना आली. आत्ता नको. आधी जीव वाचू दे.

निशाचर

थोडं अवांतर, पण बंद न पडलेल्या छोट्यांबद्दलही लिहू या, नाहीतर धागा सुतकी होईल.

टोरोंटोचं सीएफआरएक्स ६०७० किलोहर्ट्झवर फक्त १ किलोवॉटवर चालतं, एका मध्यमलहरी केंद्राचाच कार्यक्रम देतं. श्रोत्यांच्या रिपोर्टांना उत्तरं आणि क्यूएसएल पाठवायचं काम तिथल्या हौशी श्रोत्यांच्या संघटनेने, ऑन्टारियो डीएक्स असोसिएशनने, अंगावर घेतलं. केंद्राच्या माणसांवर त्याचा बोजा नाही. त्याच ६०७० वर जर्मनीतलं चॅनल २९२ आहे, १० किलोवॉटचं. ते तासावर वेळ विकतं, त्यामुळे कोणीही हौशी माणूस आपला कार्यक्रम लावू शकतो. फिनलंडमधल्या विर्रातचं स्कॅन्डिनेव्हियन वीकेंड रेडिओ तर २००० सालापासून महिन्यातून एकदाच लागतं, पहिल्या शनिवारी, २४ तास. महिनाभर नोकरी करायची आणि एक दिवस केंद्र चालवायचं. मी एकदा रात्रभर बसून ते पकडलं होतं. मिळालं काय, तर दोन मिनिटं ॲकॉर्डियन. तरी सकाळी कामावर शीळ घालत गेलो.

चिकित्सक

ही सगळी हौसेची केंद्रं आहेत. छान आहेत, पण धाग्यातलं केंद्र हौसेचं नाही. महिन्यातून एकदा लागून त्याचं भागणार नाही.

निशाचर

मान्य. सुतक घालवायला लिहिलं होतं.

बरं, हौशी लोकांनी करू नयेत अशा दोन गोष्टी सांगतो, दोन्ही मी केलेल्या आहेत. एकाच केंद्राला महिन्याला चार रिपोर्ट पाठवून चार कार्डं मागणे. तिकडे एकटा माणूस असतो आणि टपालखर्च त्याच्या खिशातून जातो. आणि किवीएसडीआरवर, म्हणजे इंटरनेटवरून तिसऱ्याच देशातल्या रिसीव्हरवर, ऐकून आपल्या घरून ऐकल्यासारखा रिपोर्ट लिहिणे. याने केंद्राच्या तंत्रज्ञाची सरळ दिशाभूल होते. त्या रिसीव्हरचं ठिकाण लिहिलं तर तोच रिपोर्ट कामाचा ठरतो.

खरखर (धागाकर्ता)

बऱ्याच दिवसांनी येतोय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

निवेदकांनी तीन प्रश्न लावले. पहिले दहा दिवस काही नाही, मग चिठ्ठ्या यायला लागल्या. गाडीवाल्यांनी आणून टाकलं ते पोतंभर भरलं, असं लिहितात. एका चिठ्ठीवर नाव नाही, फक्त गावाचं नाव आणि खाली ओळीने अंगठे. एकीत मास्तरांनी लिहिलंय की शाळेतला रेडिओ बिघडला तेव्हापासून आम्ही संध्याकाळी नदीपलीकडच्या घरी जातो, होडीने. नकाशा भिंतीएवढ्या कागदावर काढला. टिंबांना पेन पुरेना म्हणून मसूर चिकटवले. चिकित्सक, तुमच्या नकाशावर मसूर आहेत.

मंडळाचा निर्णय : बंद नाही, चालूही नाही. सहा महिने मुदतवाढ, ५ किलोवॉटवर, दुपारचं प्रक्षेपण बंद. सहा महिन्यांनी परत बघणार. निरोपांचा कार्यक्रम मात्र पंधरा मिनिटांनी वाढवलाय. कोपऱ्यात दोन जुने व्हॉल्व्ह सापडले, काका, एकाची काच फुटलेली आहे आणि दुसरा धड दिसतोय.

रानवाट

ओळीने अंगठे! बास, काही लिहीत नाही.

चिकित्सक

सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा येणार, तेव्हा चिठ्ठ्या थांबवू नका म्हणावं. आणि मसूर उंदीर खातील, नकाशाचा फोटो काढून ठेवायला सांगा.

अँटेनाधारी

+१. बादवे, निम्म्या शक्तीवर तुमच्याकडे कसं येतंय?

खरखर (धागाकर्ता)

कालची नोंद. पूर्वी एस मीटरचा काटा ७ वर असायचा, आता साडेसहा. काकांचं अर्धं घर तंतोतंत. सिनपो (हौशी श्रोते सिग्नलला देतात ते पाच गुण) ३-४-३-३-३. बासरी स्पष्ट आली. मात्र आवाजामागे घरघर आहे, जी पूर्वी नव्हती. निवेदक थांबले की जास्त जाणवते. आधी वाटलं माझ्याच घरातल्या एखाद्या एलईडी दिव्याची असेल, म्हणून सगळं बंद करून बॅटरीवर ऐकलं. तरी आहे, आणि शेजारच्या केंद्रावर नाही.

व्हॉल्व्हवाला

घरघर कितीची आहे? ५० हर्ट्झची, १०० ची की ३०० ची? कानाने नको, बघून सांगा.

खरखर (धागाकर्ता)

बघितलं. वॉटरफॉलवर (सिग्नलचा पडद्यावरचा आलेख) वाहकाची मधली जाड रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर एकेक बारीक रेघ. ३०० ला काही दिसत नाही.

व्हॉल्व्हवाला

मग ऐका. एवढ्या ट्रान्समीटरचा हाय व्होल्टेज पुरवठा तीन फेजचा असतो. तो धड असेल तर उरलीसुरली घरघर ३०० ची असते. १०० ची दिसायला लागली म्हणजे तीनपैकी एक फेज कमजोर आहे किंवा गेलीच आहे. निम्म्या शक्तीवर असल्यामुळे गाडी अजून ओढली जातेय, पण उरलेल्या दोन फेजवर ताण येतोय. असंच चाललं तर ट्रान्सफॉर्मर जाईल, आणि मग कुठलंही मंडळ काही करू शकणार नाही.

तिथे बसलेल्याला हे कळत नसणार. मागे ब्लोअर घोंघावत असतो आणि मॉनिटरचा स्पीकर बहुतेक वेळा स्टुडिओच्या तारेवर लावलेला असतो, हवेतल्या सिग्नलवर नाही. त्यांना सांगा, आधी तिन्ही फेजचे फ्यूज आणि त्यांच्या पकडी बघा. गंज, काळा डाग, सैल स्क्रू. बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, मगच हात घाला. आजच.

खरखर (धागाकर्ता)

ईमेल परत येते आणि पत्राला तीन आठवडे. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात फोन नंबर छापलाय, पण तिकडे आत्ता किती वाजले असतील?

निशाचर

प्रक्षेपण चालू आहे ना? मग कोणीतरी जागं आहे. लावा.

खरखर (धागाकर्ता)

लावला. इकडे कानाशी रिंग वाजत होती आणि दुसऱ्या कानातल्या हेडफोनमध्ये, निवेदकांच्या आवाजामागे, तीच रिंग ऐकू येत होती. ते एक क्षण थांबले, घसा खाकरला आणि पुढचा निरोप वाचायला लागले. बातम्या संपल्या की परत लावतो.